कामिनीचे अकरा दगड

मेलेल्या माणसाचा फोन वाजायला लागला की घरातली जिवंत माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. सावद्याच्या जीवराम भंगाळ्यांच्या घरी तेच चाललं होतं. कामिनीला जाऊन आज चौथा दिवस. कोनाड्यात ठेवलेला तिचा फोन सकाळपासून पाच वेळा वाजून गप्प झाला होता. कॉलेजातल्या लोकांना कळलेलं होतं, मैत्रिणी येऊन रडून गेल्या होत्या. मग हा कोण चिवट माणूस, या रागातच जीवरामने सहाव्या वेळी फोन उचलला.

"मॅडम, किती वेळ झाला फोन करतोय! तुमचे दगड आले. मी योगेंद्र, मुंबईहून. सुटले एकदाचे कस्टममधून."

"मॅडम नही," जीवराम म्हणाला. "मी तिचा बाप बोलतो."

"मग काका, त्यांना निरोप द्या. परवापर्यंत ते खाऱ्या पाण्यात पडले पाहिजेत. नाहीतर मरतील."

दगड मरतील म्हणे. चार दिवसांत जीवरामने मरणाविषयी पुष्कळ ऐकून घेतलं होतं. देवाला आवडली, तेवढंच आयुष्य लिहिलं होतं, सुटली बिचारी. ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलून गेला होता. पण दगडालाही मरण असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कामिनीने सांगितलं होतं. त्यानेच कान दिला नव्हता.

कामिनी त्याची एकुलती एक. एकोणतीस वर्षांची, जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, शनिवारी संध्याकाळी सावद्याला यायची. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे भाऊबंदांच्या पोटात कायम दुखायचं. त्यात गेल्या दिवाळीला तिने माडीवरच्या खोलीत चार फुटी काचेची पेटी आणून ठेवली आणि मुंबईहून मिठाच्या गोण्या मागवल्या. घरात समुद्र करायचा होता तिला. सावद्यात!

"तापीमाय गोड पानी देते, अन् तू त्यात मीठ कालवतीस," जीवराम तिला चिडवायचा.

पाणी झालं, पंप लागला, पेटीत लाटा हलायला लागल्या. मासा मात्र एक नाही. जीवरामचे थोरले भाऊ तोताराम नाना एकदा मुद्दाम माडी चढून बघून आले आणि खाली येऊन म्हणाले, "लोक कुत्रं पायतात, मांजर पायतात. आपली पोरगी पानी पायू राह्यली." पाणी पाळणारी पोरगी! घरभर हसू झालं. सगळ्यांत जास्त कामिनीच हसली.

"आधी दगड, मग मासे," ती सांगायची. समुद्रात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला दगड. त्याच्या छिद्राछिद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात, तेच पाण्यातली घाण खाऊन पाणी जगतं ठेवतात. "विरजण असतं ना आबा, तसं. नुसतं दूध कितीही दिवस ठेवलं तरी दही होईल का? नासेल. तसंच हे." बरं, समुद्रातला तयार दगड ओरबाडून आणलेला तिला चालणार नव्हता. तिकडे इंडोनेशियात किनाऱ्यावरचे लोक सिमेंट-वाळूचे गोळे घडवतात, समुद्रात नेऊन ठेवतात, पिकले की काढतात. तिला ते पिकवलेलेच दगड हवे होते, आणि त्यांचे कागद करता करता फाल्गुन उजाडला.

"म्हनजे दगड पेरायचा अन् दगडच काढायचा?" जन्मभर केळी पिकवलेला जीवराम म्हणाला होता. "बरंय की. करपा नही, वारा-वादळ नही."

"तुम्ही ऐकतच नाही आबा," ती म्हणाली होती. मग ताप आला. तिसऱ्या दिवशी तो मेंदूत गेला आणि पाचव्या दिवशी कामिनी गेली.

फोनवर जीवरामने योगेंद्रला ते सांगितलं. मग योगेंद्र हळूच म्हणाला, "काका, मग दगड मी ठेवून घेतो. तुम्ही काळजी करू नका."

"नही," जीवराम म्हणाला. "तिचे आहेत. धाडून द्या."

इंदूरच्या बसमध्ये खोकं टाकायचं, बस सकाळी धुळ्याच्या बायपासवर चहाला थांबते, तिथं जीवरामने उतरवून घ्यायचं, असं ठरलं. हे ऐकून तोताराम नाना उखडले.

"सुतकात? तू अग्नी देल्हा तिले. दहा दिवस कर्त्यानं गाव सोडू नही. अन् जाशीन कायसाठी, तं दगडासाठी! लोक काय म्हनतीन?"

"लोक चार दिवसांपासून म्हनूच राह्यले नाना," जीवराम म्हणाला आणि पहाटे केळीची पिकअप काढून एकटाच धुळ्याला गेला.

खोकं थर्माकोलचं होतं. हॉटेलच्या मागच्या सावलीत त्याने झाकण उघडून बघितलं. परक्या लिपीतली ओली वर्तमानपत्रं, आणि त्यांत गुंडाळलेले अकरा दगड. सगळ्यांत मोठा नारळाएवढा, सगळ्यांत धाकटा मुठीएवढा. तपकिरी, खडबडीत, भोकाभोकांचे. मधूनच कुठे जांभळा रंग चढलेला. याच्यासाठी पोरगी चार महिने रात्रंदिवस कागद रंगवत होती. जीवरामने एक दगड नाकाशी धरला. ओला, खारट, थोडा मासळीसारखा वास आला. हा वास घ्यायला तिने शनिवारची सगळी कामं टाकून धाव घेतली असती.

ऊन चढायला लागलं होतं. नाजूक माल उन्हातून कसा न्यायचा, हे मात्र जीवरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोबत आणलेली केळीची पानं त्याने हॉटेलच्या नळाखाली भिजवली, खोक्यावर तीन थर घातले, दोरी आवळली आणि पारोळा, एरंडोल, जळगाव कुठेही न थांबता दुपारच्या आत सावदा गाठलं.

योगेंद्रने फोनवर सगळं समजावून दिलं. दगड एकदम काचेच्या पेटीत टाकायचे नाहीत. प्रवासात काही जीव मेलेले असतात, ते कुजतात, म्हणून महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचे, पंप चोवीस तास चालू. जीवरामने केळी धुवायचा मोठा निळा टब मागच्या ओट्यावर मांडला. माडीवरून कामिनीने कालवलेलं खारं पाणी बादल्यांनी खाली आणलं आणि अकरा दगड एकेक करून त्यात सोडले.

"आणि काका, उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून जेवढं पाणी कमी होईल तेवढं साधं गोडं पाणी वरून घालायचं. रोज तांब्याभर पुरे. जास्त नको हं, गोडं पाणी त्यांना विष आहे."

जीवरामने हे कामिनीच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

तेव्हापासून त्याच्या सकाळी ठरून गेल्या. अंगणातल्या लिंबाखाली मातीच्या परळात जीवखडा ठेवलेला होता. स्मशानातून आणलेला तो लहानसा दगड. माणूस गेलं की दहा दिवस त्याचा जीव त्या खड्यात राहतो, तहानलेला असतो, त्याला पाणी द्यायचं, अशी आपली रीत. जीवराम उजाडता आंघोळ करून त्याच्यावर तीळ घातलेलं पाणी सोडायचा. मग तोच तांब्या धुऊन, भरून, मागच्या ओट्यावर जायचा आणि टबात हळूच ओतायचा. मग तिथंच बसायचा. सातव्या दिवशी त्याला एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर डोकावताना दिसला. दुसऱ्या दगडातून पिसासारखं काहीतरी यायचं, पाण्यात डुलायचं, सावली पडली की झटकन आत. जीवराम तास तास बघत राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळत होतं की पोरगी काय सांगत होती, आणि सांगणारी तर निघून गेली होती.

त्याची बायको धुरपदाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. कुणी घास तोंडाशी नेला तर दोन घोट पाणी पिऊन तोंड फिरवायची. लिंबाखाली जायचं तिला कारण नव्हतं. ते काम कर्त्याचं, पुरुषाचं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीला शेवटचं पाणी पाजायचं नाही, ही कुठली रीत, असं विचारणारी एकच मुलगी त्या घरात होती, आणि आता तिच्याच नावाने पाणी सोडलं जात होतं.

आठव्या दिवशी धुरपदाबाई ओट्यावर आली.

"हे दगड खरंच जित्ते आहेत?"

"हो."

"दिसत तं नही काही."

"दिसत नही. पन आत जीव आहे."

ती खाली वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मी घालू का एक तांब्या?"

"नको. तुले नही समजनार त्यातलं," जीवराम म्हणाला. रागाने नव्हे; मीठ, ऊन, गोडं-खारं हे सगळं कुठं समजावत बसायचं, म्हणून. कामिनीचं बोलणं आपण वर्षानुवर्षं याच कंटाळ्याने उडवून लावलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माणूस तीच ठेच पुन्हा त्याच बोटाला लावून घेतो.

दहाव्या दिवशी पुरुषमंडळी चांगदेवच्या संगमावर गेली. तापी आणि पूर्णा जिथं मिळतात तिथं घाटावर पिंड मांडला. जीवरामचं डोकं भादरून झालं होतं. सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे होते, पण एक खाली येईना. ऊन डोक्यावर आलं.

"कशात तरी जीव अडकला तिचा," कुणीतरी म्हणालं.

तोताराम नाना पुढे झाले. "माय कामिनी, तुह्या आईले आमी काही कमी पडू देनार नही." कावळा आला नाही. "तुह्या नावानं कॉलेजात बक्षीस ठेवू." तरी नाही. नानांचा आवाज फुटला. त्या पोरीच्या पाण्याची थट्टा केलेले हेच नाना तोंडावर उपरणं धरून हुंदके द्यायला लागले.

मग जीवराम पुढे गेला. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "तुह्ये दगड मी जित्ते ठेवीन माय. मले समजलं आता."

कावळा आला. शिकल्या-सवरल्या कामिनीने सांगितलं असतं की गर्दी मागे सरली म्हणून आला. पण जीवरामपुरता तो तिच्या होकारानेच आला. त्याने जीवखडा तापीत सोडला, बुडी मारली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता एकच काम राहिलं होतं आणि ते त्याला येत होतं.

घरी येऊन तो सरळ मागच्या ओट्यावर गेला. पंपाचा आवाज येत नव्हता.

धुरपदाबाई टबाशी मांडी घालून बसली होती. न्हालेली, केस ओले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलेलं होतं. तिने वळून बघितलं आणि ती चक्क हसली.

"या, पहा," ती म्हणाली. "मी तिले पानी पाजलं."

ओट्याखालच्या मोरीपर्यंत खाऱ्या पाण्याचा ओघळ गेलेला होता. टब रिकामा करून, दगड एकेक करून धुऊन, तिने रांजणातल्या पाण्याने तो काठोकाठ भरला होता.

"तुम्ही सगये तिकडे गेले तिले पानी द्याले. मी म्हनलं, मायनं काय करावं? इतके दिवस पोर खाऱ्या पान्यात पडेल. खाऱ्या पान्यानं कधी तहान भागते का वो? तुम्ही तांब्या-तांब्या घालत होते, मी पाहेल आहे. म्हनलं, एक डाव पोटभर पाजावं." तिने जीवरामचा हात धरला. "अन् तुम्ही म्हनले ना आत जीव आहे? खरं आहे! सगये बाहेर आले. पानी घातलं तसे भोकाभोकातून आले. खेकडा आला, ते पिसावालं आलं, चांदनीसारखं एक आलं. किती होते ते! माह्या हातावर चढले. माह्या हातावर, अवो!"

जीवरामने टबात बघितलं. तळाशी सगळे होते. पांढऱ्या बारीक अळ्या, पायांची एवढीशी चांदणी, नखाएवढा खेकडा पाय आवळून उलटा. ते भेटायला आले नव्हते. गोड्या पाण्याने आत जीव गुदमरला म्हणून धावत सुटले होते आणि बाहेरही तेच पाणी होतं. जीवरामच्या तोंडात शब्द आला होता. काय केलंस हे तू! नुसते तेवढे चार शब्द. पण ती त्याचा हात धरून होती आणि हसत होती.

"आता कसे शांत निजले," ती म्हणाली.

"हो," जीवराम म्हणाला. "निजले."

मिठाच्या गोण्यांआड उभं राहून त्याने योगेंद्रला फोन लावला. योगेंद्रने सगळं ऐकून घेतलं. "वरचे गेले काका. पण दगडाच्या आत खोल काही ना काही राहिलं असेल. ताबडतोब खाऱ्या पाण्यात टाका. मेलेलं सगळं कुजेल, घाण वास सुटेल, महिनाभर घरात बसवणार नाही. पण कळ काढलीत तर दगड पुन्हा जीव धरतील. फक्त आता गोड्या पाण्याचं बोट लावू देऊ नका."

जीवरामने फोन ठेवला. घरातून भांड्यांचा आवाज आला. धुरपदाबाई जेवायला बसली होती. दहा दिवसांनी पहिल्यांदा, वाढून घेऊन, आपल्या हाताने. जाऊबाईला ती सांगत होती, "माह्या हातानं प्याली वं. आता रोज पाजीन."

दगड वाचवायचे म्हणजे तिला हात लावू नको म्हणायचं. का, ते सांगायचं. आणि नाही सांगितलं तरी उद्या दुपारपर्यंत वास सांगणार होता. मेलेल्या जिवाचा वास कोणत्या बाईला कळत नाही! पोरगी गेली ती देवाने नेली म्हणून ती बसली होती. हे मात्र तिने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. त्या हाताने ती पुढे भाकर थापू शकली असती का? घाटावर दिलेला शब्द जीवरामच्या छातीवर बसला होता. तो मेलेलीला दिलेला होता. आत जेवत होती ती जिवंत होती.

वास सुटायच्या आत दगड धुऊन टाकायचे, म्हणून तो पॅकिंगच्या शेडमध्ये गेला. केळीचा चीक जावा म्हणून घड तुरटीच्या पाण्यात धुतात. त्याने तुरटीची बादली भरली, ब्रश घेतला आणि ओट्यावर येऊन बसला. आधी तळाचं सगळं ओंजळीने वेचून लिंबाच्या बुडाशी पुरलं. मग एकेक दगड घेऊन घासायला लागला. भोकाभोकांत ब्रश फिरवून, पुन्हा पुन्हा बुचकळून. जांभळा रंग सुटला, तपकिरी सुटला, समुद्राचा वास सुटला. खाली पांढरा, कोरडा, कुठल्याही रस्त्यावर पडलेला असतो तसा सिमेंटचा गोळा उरत होता. असे दहा झाले. रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं. ब्रशच्या आवाजात खपून गेलं.

अकरावा मुठीएवढा होता. तो बादलीत घालणार तोच त्याला बारीक भोकात काहीतरी हललेलं दिसलं. पिसासारखं टोक एवढंसं बाहेर आलं, थरथरलं आणि आत गेलं. जीवरामचा हात थांबला. विरजण एवढंसंच लागतं. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि वर पेटीत तिचं उरलेलं खारं पाणी अजून हलत होतं. एक दगड, फक्त एक. त्याने तो मुठीत घेतला आणि उठला.

"झाले का धुवून?" दारात धुरपदाबाई उभी होती, हातात भरलेला तांब्या. तिने ओळीने मांडलेल्या दगडांवरून बोट फिरवलं. "दहाच कसे? अकरा आहेत. मी मोजेल आहेत." मग तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली आणि ती पुन्हा तशीच हसली. "तो व्हय? लहाना आहे ना, तो पहिला प्याला माह्या हातानं. आना."

जीवरामने एकदा जिन्याकडे बघितलं. मग ओट्यावर बसला, मूठ उघडली आणि दगड दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे धरला.

"हळू घाल," तो म्हणाला.

"पी माय," धुरपदाबाई म्हणाली आणि तिने तांब्या वाकडा केला.